काटे आखूड पडले!

१ सप्टेंबर २०२० या दिवशी जगाला काळज्या कमी नव्हत्या. विमानं जमिनीवर बसली होती, शाळांना कुलपं होती, माणसं तोंडाला फडकं बांधून भाजी आणत होती. नेमका तोच दिवस साधून जिनिव्हाच्या रोलेक्स कंपनीने आपलं 'सबमरीनर' हे घड्याळ एका मिलिमीटरने मोठं केल्याचं जाहीर केलं. घड्याळांच्या संग्राहकांना त्या वर्षातली पहिली खरी वाईट बातमी तेव्हा मिळाली.

चाळीसचं एक्केचाळीस झालं होतं. पट्टा ज्या कानांत अडकतो त्यांना या मंडळींत 'लग' म्हणतात. ते लग बारीक झाले होते आणि त्यांच्यामधलं अंतर २० वरून २१ मिलिमीटरवर गेलं होतं. म्हणजे वर्षानुवर्षं हौसेने जमवलेले २० मिलिमीटरचे रबरी, कातडी आणि कापडी पट्टे एका दुपारीत निकामी! शाळेची प्रयोगशाळा सोडल्यापासून ज्यांनी व्हर्नियर कॅलिपरचं तोंड पाहिलं नव्हतं, अशा प्रौढ माणसांनी तो विकत आणला आणि घड्याळ उभं, आडवं, तिरकं मोजून काढलं.

यातली खरी मौज अशी की बारीक लगची मागणी या लोकांचीच होती. २०१० साली रोलेक्सने याच घड्याळाचे लग जाड केले होते आणि पुढची दहा वर्षं 'हे घड्याळ नव्हे, ठोकळा आहे' असा आक्रोश चालला होता. कंपनीने ठोकळा तासून दिला, तेव्हा ठोकळ्यालाही एक रुबाब होता हे सगळ्यांच्या एकाएकी लक्षात आलं.

हिरव्या रंगाचंही तेच झालं. २००३ साली सबमरीनर पन्नास वर्षांचं झालं, म्हणून त्याला हिरवं बेझल, म्हणजे काचेभोवतीचं फिरतं कडं, मिळालं. हिरवं? पाणबुड्याच्या घड्याळाला? नाकं मुरडली गेली. २०१० साली कड्याबरोबर डायलही हिरवी झाली, तेव्हा २००३ चं घड्याळ कसं संयत होतं याच्या आठवणी निघाल्या. २०२० साली हिरवी डायल बंद होऊन पुन्हा काळी आली आणि दहा वर्षं 'फार भडक' म्हणून हिणवलेल्या त्या घड्याळाचा जुन्या बाजारातला भाव चढला. बदल आला त्या दिवशी तो वाईट असतो आणि गेला त्या दिवशी दुर्मीळ होतो, एवढं एक सूत्र ध्यानात ठेवलं की या जमातीचं वागणं कळायला लागतं.

या तीन हिरव्यांची नावं अनुक्रमे कर्मिट, हल्क आणि स्टारबक्स. कंपनीने ही नावं ठेवलेली नाहीत, ती उच्चारतही नाही. घड्याळांच्या मालकांनीच ठेवली आहेत. रोलेक्सचंच निळ्या-लाल कड्याचं जीएमटी-मास्टर म्हणजे पेप्सी, काळ्या-लालचं कोक, काळ्या-निळ्याचं बॅटमॅन. त्याच बॅटमॅनला २०१९ साली निराळ्या घडणीचा पट्टा लागला, तर तेवढ्यावरून काहींनी त्याचं लिंग बदलून त्याला बॅटगर्ल करून टाकलं. पाच-सहा आकडी डॉलर मोजून घेतलेल्या, वंशपरंपरेने पुढे द्यायच्या वस्तूला माणसं बेडूक, राक्षस आणि शीतपेयांची नावं देतात आणि मग कंपनीने कड्याची छटा किंचित बदलली की परंपरेचा अपमान झाला म्हणून संतापतात.

पण या सगळ्या प्रकरणांचा मुकुटमणी 'एक्सप्लोरर' आहे.

१९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेची पुण्याई आजतागायत जपून खाणारं हे घड्याळ. काळी डायल, ३, ६ आणि ९ हे तीन आकडे, तारीख नाही, फिरतं कडं नाही, काहीच नाही. अर्ध्या शतकाहून जास्त काळ त्याचा व्यास ३६ मिलिमीटर होता. मोठ्या घड्याळांची लाट आली तेव्हा २०१० साली रोलेक्सने ते ३९ मिलिमीटरचं केलं. घर, म्हणजे यंत्राभोवतीची डबी, वाढलं, डायल पसरली, आकडे लांब सरकले. काटे मात्र होते तेवढेच राहिले.

नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तरी दिसावं असं ते होतं. मिनिटकाटा मिनिटांच्या खुणांकडे निघायचा आणि अलीकडेच थांबायचा. हात पुढे केला, पण फळीवरचा डबा काही हाताला लागला नाही, अशी त्याची कायमची अवस्था. जी कंपनी स्वतःचं सोनं स्वतःच्या भट्टीत वितळवते, जिच्या जाहिराती अचूकतेखेरीज दुसरं बोलत नाहीत, तिने लहान भावाचे काटे मोठ्या भावाला घातले होते. जुना साठा संपवायचा होता का, अशी कुजबूज झाली. काही निष्ठावंतांनी समर्थनही शोधलं: काटे आखूड असल्याने डायलला कसा मोकळा श्वास मिळतो, वगैरे.

कंपनी सहा वर्षं गप्प बसली. २०१६ साली काहीही कबूल न करता काटे लांब आणि थोडे जाड झाले आणि तिन्ही आकडे अंधारात चमकू लागले. मग २०२१ साली, अकरा वर्षांचा ३९ मिलिमीटरचा संसार आटोपून, घड्याळ पुन्हा ३६ वर आलं. 'आता मनगटावर दिसतच नाही' अशी तक्रार सुरू झाली, तेव्हा २०२३ साली ४० मिलिमीटरचंही आलं. दरम्यान त्या आखूड काट्यांच्या घड्याळाला 'मार्क वन' असं भारदस्त नाव पडलं आहे आणि मुद्दाम तेच शोधत फिरणारे लोक आहेत. त्यांना हवे असतात ते आखूड काटेच.

आकाराच्या खालोखाल भांडणाचा विषय म्हणजे तारीख. तारखेच्या चौकोनावर रोलेक्स जे भिंग बसवते ते आकडा अडीच पट मोठा दाखवतं. एकडोळ्या राक्षसावरून त्याला सायक्लॉप्स म्हणतात. चाळिशी लागलेल्यांची सोय म्हणून याकडे पाहता आलं असतं. पण संग्राहकांच्या एका पंथाला ती काचेवरची चामखीळ वाटते. या पंथाचं तीर्थक्षेत्र म्हणजे 'सी-ड्वेलर'. खोल समुद्रात काम करणाऱ्या पाणबुड्यांसाठी १९६७ साली निघालेलं, तारीख असून भिंग नसलेलं घड्याळ. पन्नास वर्षं ते असं निष्कलंक राहिलं. पन्नासाव्या वाढदिवसाला, २०१७ साली, कंपनीने त्याला भिंग बसवलं.

केवढा हाहाकार! हे घड्याळ १,२२० मीटर खोल पाण्यात चालतं. ते घेणाऱ्यांतले बरेच जण हात धुतानाही काढून ठेवतात, तो भाग वेगळा. पण तत्त्वाचा प्रश्न होता. पन्नास वर्षांत ज्यांनी 'तारीख वाचता येत नाही' म्हणून हे घड्याळ घेतलं नाही त्यांनी ते आता घ्यावं, ही कंपनीची अपेक्षा. आणि तारीख नीट वाचता येत नाही हाच ज्यांचा अभिमान होता, ते मागे राहिले.

तारखेची खिडकी चार आणि पाच यांच्यामध्ये तिरकी बसवली तर याहून मोठा गुन्हा. झेनिथने १९६९ पासून आपल्या 'एल प्रिमेरो'त ती तिथेच बसवली आहे आणि ते घड्याळ अभिजात मानलं जातं, कारण ते १९६९ चं आहे. तोच प्रकार आजच्या एखाद्या नव्या घड्याळात केला की अनुभवी संग्राहक मान हलवून म्हणतो, 'बाकी सगळं छान होतं हो.' ओमेगाने २०१८ साली सीमास्टरची तारीख तीनवरून सहावर नेली, डायलवरच्या लाटा परत आणल्या आणि दहाच्या बाजूची हेलियम सोडण्याची झडप तशीच ठेवली. लाटांचं स्वागत झालं. झडपेबद्दलची तक्रार चालू आहे आणि चालू राहील. ती झडप लागते कोणाला, तर दाबाखालच्या कोठीत दिवसेंदिवस राहणाऱ्या पाणबुड्यांना.

ओमेगाला मात्र एक गोष्ट फार लवकर कळली. या गिऱ्हाइकाला मोठं काही देऊ नये, बारीक काहीतरी द्यावं. 'स्पीडमास्टर' हे तिचं चंद्रावर गेलेलं घड्याळ. १९६५ साली नासाने ते अंतराळवीरांसाठी मान्य केलं आणि १९६९ साली बझ ऑल्ड्रिनच्या हातावरून ते चंद्रावर उतरलं. त्याच्या काळ्या कड्यावर वेग मोजायची टॅकीमीटरची पट्टी असते. त्या पट्टीत नव्वदच्या आकड्याजवळ एक ठिपका असतो. १९७० च्या सुमारापर्यंत हा ठिपका नव्वदच्या डोक्यावर असायचा. नंतर तो सरकून शेजारी आला.

एवढीच ती घटना. ठिपका टाचणीच्या टोकाएवढा. पण डोक्यावर ठिपका असलेलं जुनं कडं मिळवण्यासाठी लोक नव्या घड्याळाच्या किमतीला लाजवतील असे पैसे मोजू लागले. घड्याळ नव्हे, नुसतं कडं! २०२१ च्या जानेवारीत ओमेगाने नवं स्पीडमास्टर काढलं. यंत्र नवं, पट्टा नवा, चुंबकाला दाद न देणारी बांधणी. हे सगळं सांगून झाल्यावर समजलं की ठिपका पुन्हा नव्वदच्या डोक्यावर गेला आहे. पुढचे कित्येक दिवस यंत्राची वास्तपुस्त फारशी कोणी केली नाही. ठिपक्याचे फोटो मोठे करून पाहिले गेले. हे घड्याळ अजूनही दोन काचांत मिळतं. एक नीलमणी काच, ओरखडा न उठणारी आणि महाग. दुसरी प्लास्टिकच्या जातीची, स्वस्त, शर्टाच्या बटणानेही चरे पडणारी. कट्टर माणूस दुसरी घेतो, कारण चंद्रावर तीच गेली होती. मग चरे पडले की टूथपेस्ट लावून घासत बसतो.

इतकं वाचून वाटेल की या लोकांना नवं काही नकोच असतं. मग १९७२ साली आलेल्या एका घड्याळाची गोष्ट सांगायला हवी.

जपानी क्वार्ट्‌झ घड्याळांनी स्विस धंद्याचं कंबरडं मोडायला सुरुवात केली होती. ल ब्रासू या गावातल्या ओडेमार पिगे कंपनीच्या जॉर्ज गोले यांनी बासेलच्या घड्याळांच्या जत्रेच्या तोंडावर जेराल्ड जेंटा या डिझायनरला फोन केला आणि कधी कोणी पाहिलं नसेल असं पोलादी घड्याळ सकाळपर्यंत कागदावर काढून मागितलं. जेंटाने रात्रीत काढलं. निदान तो आयुष्यभर तसं सांगत आला. 'रॉयल ओक' त्याचं नाव. अष्टकोनी कडं, त्यावर आठ स्क्रू उघडे दिसणारे, पट्टा घड्याळातूनच उगवलेला. व्यास ३९ मिलिमीटर, म्हणजे त्या काळी अजस्र. त्याला जंबो म्हणतात ते उगीच नव्हे. आणि पोलादाच्या या वस्तूची किंमत तीन हजारांहून अधिक स्विस फ्रँक, सोन्याच्या घड्याळालाही लाजवणारी. स्क्रू लपवायची अक्कल नाही आणि लोखंडाचे पैसे सोन्याहून जास्त! पहिला माल खपायला वेळ लागला. आज तेच घड्याळ या धंद्यातलं दैवत आहे आणि त्याच्या कुठल्याही नव्या आवृत्तीचं मोजमाप त्याच्याच कसावर होतं.

१९९३ साली एमान्युएल गेइत या तरुण डिझायनरने त्याची ४२ मिलिमीटरची, जाडजूड, बटणांना रबर लावलेली 'ऑफशोअर' ही आवृत्ती काढली. तिचं टोपणनाव पडलं 'द बीस्ट'. बासेलच्या दालनात येऊन खुद्द जेंटाने 'माझ्या घड्याळाचा खून केलात' म्हणून तमाशा केला, अशी गोष्ट धंद्यात सांगतात. गंमत बघा, वीस वर्षांपूर्वी ज्याला लोकांनी वेड्यात काढलं होतं, तोच आता परंपरेचा रखवालदार होऊन उभा! ऑफशोअर पुढे तुफान चाललं. आज पहिल्या मालातलं 'बीस्ट' मिळवायला संग्राहक जिवाचं रान करतात.

हा सगळा इतिहास माहीत असूनही २०१९ च्या जानेवारीत जिनिव्हाच्या प्रदर्शनात ओडेमार पिगेने 'कोड ११.५९' ही नवी मालिका आणली, तेव्हा काय व्हायचं ते झालंच. एकदम तेरा घड्याळं, कंपनीच्या आयुष्यातला मोठा जुगार. नावाचा अर्थ मध्यरात्रीच्या एक मिनिट आधीची वेळ, नव्या दिवसाच्या उंबरठ्यावरची. लोकांनी डायल पाहिली आणि म्हटलं, मध्यरात्र झालेलीच आहे. मोकळी चकचकीत तबकडी, वर सपक आकडे; विमानतळावरच्या दुकानातल्या घड्याळावर कंपनीचं नाव छापल्यासारखं दिसतं, इथपासून टवाळी सुरू झाली. घराची घडण खरोखर कसबी होती. गोल कडं, मध्ये अष्टकोन, काच दोन दिशांनी वळवलेली. पण ती पाहायला घड्याळ हातात घ्यावं लागतं आणि टीका करणाऱ्यांनी फोटो पाहिले होते. अर्थात फोटोत वाईट दिसणारं घड्याळ विकायला काढायचं, तर दोष फोटो पाहणाऱ्याला देऊन भागत नाही. कंपनीलाही ते उमगलं असावं. २०२३ साली यान फॉन केनेल या कारागिराच्या मदतीने केलेल्या, लहरी उमटवलेल्या डायली आल्या, पोलादात आल्या, आणि आवाज खाली आले. त्याच वर्षी जिनिव्हाच्या 'ग्राँ प्री'मध्ये सगळ्यांत वरचं बक्षीस 'सुवर्णकाटा' याच मालिकेतल्या महाकिचकट घड्याळाने पटकावलं. टवाळखोरांपैकी कोणी शब्द मागे घेतल्याचं ऐकिवात नाही. 'आम्ही बोललो म्हणून सुधारले' असं मात्र ऐकू येतं.

जेंटाचं दुसरं अपत्य म्हणजे पाटेक फिलिपचं 'नॉटिलस', १९७६ सालचं. पाटेकची माणसं हॉटेलात जेवत होती, तेवढ्या वेळात पलीकडच्या टेबलावर बसून पाच मिनिटांत चित्र काढलं, असं जेंटा सांगे. त्या घड्याळाची २००६ साली आलेली ५७११ ही आवृत्ती पुढे इतकी डोक्यावर घेतली गेली की दुकानातली प्रतीक्षायादी वर्षांत मोजली जायची. तिच्यापुढे म्हाडाची सोडत बरी, तिथे निदान चिठ्ठी तरी निघते. २०२१ च्या सुरुवातीला कंपनीचे प्रमुख थिएरी स्टर्न यांनी ते घड्याळ बंद केलं. एकाच घड्याळाने सगळं घराणं झाकून टाकावं हे त्यांना पसंत नव्हतं.

निरोप म्हणून हिरव्या डायलचा थोडा माल निघाला. दुकानातली किंमत ३५ हजार डॉलरच्या आत. त्यातलं एक जुलैमध्ये अँटिकोरमच्या लिलावात ४ लाख १६ हजार युरोंना गेलं. मग डिसेंबरात टिफनी या जवाहिऱ्यांच्या सुप्रसिद्ध फिक्या निळ्या रंगाची डायल आली, फक्त १७० नग. पहिल्याचा लिलाव फिलिप्स या लिलावघराने न्यूयॉर्कमध्ये धर्मादाय कामासाठी केला. ६५ लाख डॉलर! छापील किंमत ५२ हजारांच्या घरात होती. यंत्र तेच, पोलाद तेच, काटे तेच. रंग काय तो बदलला होता. बदलांवर चिडणारे लोक बदलासाठी किती पैसे देतात, याचा याहून चोख हिशेब सापडणार नाही.

आणि याच पाटेकने ऑक्टोबर २०२४ मध्ये पाव शतकानंतरची पहिली नवी मालिका काढली, तेव्हा? 'क्युबिटस' तिचं नाव. नॉटिलसचे कान पकडून चौकोनी केलेलं, ४५ मिलिमीटरचं घड्याळ. 'फॉर्च्युन' मासिकातल्या जाहिरातीने वेळेआधीच त्याचं बिंग फोडलं होतं, त्यामुळे ते जन्मायच्या आधीच त्याचं बारसं होऊन नावं ठेवून झाली होती. पोलादी नगाची किंमत ४१ हजार डॉलरच्या पुढे. ज्यांना ते कधीच परवडणार नव्हतं त्यांनी ते न घेण्याचा जाहीर निर्धार केला. ज्यांना परवडत होतं ते दुकानदाराला गुपचूप फोन करत होते. पुढच्याच वर्षी कंपनीने ४० मिलिमीटरचं क्युबिटस आणलं. ते पाहून 'आता बरं आहे' म्हणणाऱ्यांचा सूर आणि मूळ ४५ चा दिमाख काही और होता म्हणणाऱ्यांचा सूर एकाच वेळी ऐकू आला. सूत्र पुन्हा खरं ठरलं, तेही यावेळी फार लवकर.

कधी कधी मात्र कंपन्याच संग्राहकांची फिरकी घेत असाव्यात. रोलेक्सचं 'डे-डेट' हे राष्ट्राध्यक्षांच्या हातावरचं घड्याळ. १९५६ साली निघालं तेव्हा त्याचा मोठेपणा हा की वार पूर्ण अक्षरांत आणि जोडीला तारीख. २०२३ साली या घड्याळाची एक आवृत्ती आली, डायलवर रंगीबेरंगी जिगसॉचे तुकडे. वाराच्या खिडकीत सोमवार-मंगळवाराऐवजी आशा, प्रेम, शांती, कृतज्ञता असे सात इंग्रजी शब्द. तारखेच्या खिडकीत ३१ इमोजी. म्हणजे डे-डेट असून डेही नाही आणि डेटही नाही. आज वार कोणता असं विचारलं तर ते 'कृतज्ञता' सांगणार, तारीख विचारली तर हसरा चेहरा दाखवणार. सोन्यात घडवलेलं हे यंत्र पाहून अर्धे संग्राहक हतबुद्ध झाले. उरलेल्या अर्ध्यांनी आपल्याला ते मिळेल का याची चौकशी केली. मिळायचं नव्हतं, ते सर्वांना विक्रीला नव्हतंच.

शेवटी पॉल न्यूमनच्या घड्याळाकडे यावंच लागतं. रोलेक्सचं 'डेटोना' १९६३ सालचं. शर्यतीच्या गाड्यांसाठी काढलेलं, हाताने किल्ली द्यायचं आणि दुकानांत पडून राहणारं. त्यातही एक डायल निराळी होती: लहान वर्तुळांत चौकोनी टोकांच्या रेषा, आकड्यांचा ढंग वेगळा. ती तर कोणालाच नको होती. अभिनेता पॉल न्यूमनला गाड्या पळवायचा नाद लागला, म्हणून बायकोने, जोअॅन वुडवर्डने, त्याला हे घड्याळ घेऊन दिलं आणि पाठीवर 'गाडी जपून चालव, मी' अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले. पुढे ते त्याने मुलीच्या तेव्हाच्या मित्राला देऊन टाकलं. २६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचा लिलाव झाला आणि ते १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं. दुकानदार ज्या डायलला कंटाळले होते, तिलाच आज 'पॉल न्यूमन डायल' म्हणतात. अट एकच: ती मूळची हवी, रंगवलेली नको.

इथे मुंबईचा संबंध येतो, आणि तो फारसा मिरवण्यासारखा नाही. जुन्या डायलचा काळा रंग उन्हाने तपकिरी झाला तर संग्राहक त्याला 'ट्रॉपिकल' म्हणून जास्त पैसे देतात. १९९० च्या दशकातल्या काही डेटोनांच्या छोट्या वर्तुळांची कडी वापरलेल्या लुकणामुळे तपकिरी पडली, तर त्या दोषाला लिलावदार ओस्वाल्डो पत्रित्सी यांचं नाव मिळून त्याचाही भाव वाढला. डाग चालतो, ओरखडा चालतो, रंग उडालेला चालतो. नवा रंग चालत नाही. आणि नवा रंग देण्यात आमच्या मुंबईच्या कारागिरांचा हात धरणारं कोणी नाही. जुनी फावर-ल्यूबा, एचएमटी, सायको, कधी एखादं ओमेगा उघडायचं, खराब झालेली डायल खरवडायची, तिच्यावर झेंडूचा पिवळा किंवा मोरपिशी रंग चढवायचा, कंपनीचं नाव अंदाजाने लिहायचं, मन झालं तर खाली 'मिलिटरी' असंही लिहायचं. जगभरच्या संग्राहकांत या मालाला 'मुंबई स्पेशल' असं नाव आहे आणि ते ऐकलं की ते दोन पावलं मागे सरतात.

ओळखायच्या खुणाही ठरलेल्या आहेत. अक्षरं भिंगाखाली पसरलेली दिसतात. मिनिटांच्या खुणा बाराच्या बरोबर खाली सुरू होत नाहीत. किल्लीचं बोंड दुसऱ्याच घड्याळाचं असतं. पाणी आत जाणारच अशा घरावर 'वॉटरप्रूफ' असं लिहिलेलं असतं. कंपनीने जन्मात कधी काढला नाही असा रंग असतो. तटस्थपणे पाहिलं तर मुंबईचा कारागीर तेच करतो जे जिनिव्हावाले करतात: गिऱ्हाइकाला आवडेल असा डायलचा रंग बदलतो. फक्त त्याने बदललेल्या रंगाने घड्याळाची किंमत वाढत नाही, निम्म्याने उतरते. फावर-ल्यूबाचं दुकान मुंबईत १८६५ पासून होतं. बंगळुरूची एचएमटी १९६१ पासून घड्याळं बनवत होती आणि २०१६ साली सरकारने तिला टाळं लावायचा निर्णय घेतल्यावर साधी पांढरी 'जनता'सुद्धा लोक शोधू लागले. म्हणजे महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांच्या कपाटांत, लग्नात किंवा निवृत्तीला मिळालेलं असं एखादं घड्याळ बंद पडून आहे, आणि त्याची डायल कडेने पिवळी पडलेली आहे.

ते चालू करायला नेलंत तर घड्याळजी प्रेमाने म्हणेल, 'साहेब, डायल नवी करून देतो, चकाचक.' त्याला तेलपाणी करू द्या, काच बदलू द्या, पट्टा तर हौसेने बदला. पण डायलला हात लावायचा नाही, हे त्याच्याकडून पावतीवर लिहून घ्या.